बांगड्यांच्या काचांची भिंत

माय, लिव्हरपूल नावाच्या गावात मी एका पायखान्याच्या दारात जोडे काढले होते. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. विलायतेहून परतल्यावर लोकांनी पुष्कळ विचारलं. बोट केवढी होती, तिकडे ऊन पडतं का, भाकर मिळते का. एकाने तर राजाला पाहिलंस का म्हणून विचारलं, आणि त्यालाही मी नाराज केलं नाही. पण जोड्यांची गोष्ट ओठांशी आली की मी ती गिळून टाकायचो. ती सांगायची तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं, आणि पुढचं सगळं तुझ्याबद्दल आहे.

आज बाजाराचा दिवस आहे. मी गावच्या कमिटीच्या कचेरीत खिडकीपाशी बसून हे लिहितोय. मी इथला ओव्हरसियर आहे, म्हणजे रस्ते, विहिरी, नाल्या आणि गटारं ही माझी दौलत. तुझा लेक साहेब झाला असं तुला कोणी सांगितलं असतं तर तू तोंडाला पदर लावून हसली असतीस, आणि कशाचा साहेब ते कळल्यावर आणखीच हसली असतीस. खिडकीतून नांदुऱ्याकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या दिसतात, त्यांच्या पलीकडे गुळाची दुकानं आणि कडुनिंबाखाली भाजीवाल्या बायकांची रांग. तुझी जागा तशीच आहे. तिथे आता एक तरुण बाई वांगी घेऊन बसते. भाव सांगताना ती तुझ्यासारखीच भलतीकडे बघते, गिऱ्हाइकाने घेतलं काय नि नाही घेतलं काय, तिला काही पडलेलं नसतं. मला ती फार आवडते, आणि म्हणून मी वांगी नेहमी तिच्याकडूनच घेतो.

बाजाराच्या दिवशी तू अंधारातच उठायचीस. आदल्या संध्याकाळी मळ्यातून तोडून आणलेली मेथी आणि गवार ओल्या फडक्यात असायची. तू पाटी भरायचीस, डोक्यावर चुंबळ ठेवायचीस, मला हलवून जागं करायचीस आणि आपण चालू लागायचो. निघताना मला गूळ-पाणी मिळायचं. तू मात्र पाण्याला हातही लावायची नाहीस. मला वाटायचं की हा बाजाराचा उपास असणार. सोमवार महादेवाचा, तसा हा दिवस बाजाराचा. दुपारी कडुनिंबाची सावली सरकत तेल्याच्या दुकानावर जायची आणि तू उन्हात यायचीस. भाजी सुकू नये म्हणून तू तिच्यावर पाणी शिंपडायचीस आणि शिंपडता शिंपडता ओला हात ओठांवरून फिरवायचीस, तेवढंच तुझं पाणी. एकदा मी विचारलं होतं, "माय, तुले तहान नाई लागत काय वं?" तू मेथीची जुडी सारखी करत म्हणालीस, "बाजारात बायाईले तहान लागत नसते." मी ते खरं मानलं. पुढे मिसरूड फुटेपर्यंत मी ते खरंच मानून चाललो होतो.

तुझ्या शेजारी बांगडीवाली खाला बसायची. तिचा नवरा गाडीवर बांगड्या घालून गावोगाव फिरायचा आणि बाजाराच्या दिवशी दुकान तिच्याकडे असायचं. तीही पाणी प्यायची नाही. तोंडात सुपारीचं खांड धरून ती दिवस काढायची. तुम्हा दोघींच्या मध्ये पाण्याचा गडगा असायचा, पण तो भाजीसाठी आणि माझ्यासाठी. एका बाजारात तुला काही तरी होत होतं. तू सारखी मांडी बदलत होतीस, गिऱ्हाइकाला चुकीचा भाव सांगत होतीस, चेहरा आवळून धरला होतास. मला तुझी काळजी वाटली आणि मी चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं, "माय, तुले मुतायले लागलं काय?" सगळी रांग हसली. मेथी निवडणारा माणूसही हसला. तू माझा कान असा पिरगाळलास की संध्याकाळपर्यंत तो गरम होता. "मायले असं विचारत नसतेत," एवढंच तू घरी जाताना म्हणालीस. तुझ्या आवाजात राग नव्हता. रडू होतं, असं मला आता वाटतं.

दिवस मावळला की भाजीवाल्या बायका सगळ्या मिळून निघायच्या. गाव मागे पडलं, नदी आली, की तुम्ही पाट्या खाली ठेवून बाभळींच्या मागे जायच्यात आणि मला पाट्यांपाशी पाठ करून उभं करायच्यात. तुम्ही परत आलात की आवाज बदललेले असायचे. बायका एकमेकींना चिडवू लागायच्या, गिऱ्हाइकांच्या नकला करायच्या. मग तू नदीच्या वाळूत हाताने झिरा उकरायचीस, पाणी निवळायची वाट बघायचीस आणि ओंजळीने प्यायचीस. प्यायचीस म्हणजे किती. मी शेजारी उभा राहून तुझा गळा हलताना बघायचो. आठवड्यातून दोन दोन दिवस तुला उन्हाळी लागलेली असायची, लघवीच्या जळजळीने तू ओसरीवर पोट धरून बसायचीस आणि आत्या तुला धन्याचं पाणी करून द्यायची. उन्हाळी उन्हाने लागते असं घरात सगळ्यांचं मत होतं. ती हिवाळ्यातही काऊन लागते, हे कोणी विचारलं नाही. मी खामगावला शाळेत असताना तू तापाने गेलीस, तेव्हा त्या तापाचा आणि बाजाराचा काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही. असेलच असं मी आताही म्हणत नाही. पण आता तो विचार मनातून जातही नाही.

पुढे मी ओव्हरसियर झालो आणि नागपूरच्या सरकारने मैलापाण्याचं काम शिकायला काही माणसं विलायतेला धाडली, त्यात माझी वर्णी लागली. आपल्या नांदुऱ्याच्या स्टेशनातून सुटलेल्या कापसाच्या गाठी जिथे उतरतात, त्याच बंदरात मी उतरलो. सुट्टीच्या दिवशी मी एकटाच पायी हिंडायचो आणि हिंडून हिंडून चक्रावून जायचो. गोदीच्या काठावर एक किल्ला दिसला. बुरूज, कंगोरे, वर उंच मनोरा. कोण्या राजाचा म्हणून विचारलं तर कळलं की आत पाण्याचं इंजिन आहे आणि मनोरा म्हणजे त्याचं धुराडं. एका खाटकाच्या दुकानात जमिनीपासून आढ्यापर्यंत चिनी मातीच्या चकचकीत फरश्या, आणि त्या फरश्यांवर गळ्यात फुलांचे हार घातलेले बैल रंगवलेले. पोळ्याचे बैल थेट खाटकाच्या भिंतीवर, आणि तेही हसतमुख. मला हसावं की पळावं ते कळेना. गरिबांच्या बायकांसाठी कपडे धुवायचं एक सरकारी घर होतं, त्याच्या लोखंडी खांबांच्या डोक्याला पानं फुटलेली होती. खाली बायका बाह्या सरसावून चादरी घासत होत्या आणि मनसोक्त भांडत होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर लोखंडाची पानं. आपल्याकडे नक्षी देवाच्या दाराला किंवा नवरीच्या हाताला. रोजच्या कामाच्या जागेला आपण सारवतो, सणाला चुना देतो, आणि संपलं. या लोकांनी कामाच्याच जागा नटवून ठेवल्या होत्या, आणि त्यातून जाणाऱ्या माणसांना त्याचं काही वाटतही नव्हतं.

अशाच एका सुट्टीत मी एका चौकात आलो. चौकाच्या मधोमध लोखंडी वेलबुट्टीचा कठडा होता, त्यावर पितळी गोळे, आणि खाली जाणाऱ्या पांढऱ्या दगडाच्या पायऱ्या. मी उतरलो. खाली हिरव्या आणि दुधी फरश्यांच्या भिंती, खांबांना पितळेच्या पट्ट्या, वरच्या जाड काचांतून झिरपणारा उजेड, कोपऱ्यात हिरव्या पानांची कुंडी, आणि कुठे तरी पाणी एकसारखं ठिबकत होतं. माय, मला वाटलं हे त्यांच्या कोण्या पंथाचं देऊळ. महादेवाचा गाभारा नाही का खाली असतो, वर अभिषेकपात्र, आणि पायाखाली गार. मी जोडे काढून हातात घेतले आणि पायमोज्यांवर दोन पावलं आत गेलो. एक म्हातारा फडकं घेऊन पितळ पुसत होता. तो म्हणाला, "साहेब, फरशी ओली आहे, मोजे भिजतील." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, त्याला काय वाटलं कोण जाणे, आणि अतिशय अदबीने त्याने समोरची मोऱ्यांची रांग दाखवली. तेव्हा मला कळलं की मी कुठे उभा आहे. तोवर मी हात जोडले होते की नव्हते, ते विचारू नकोस.

शरमेने कानशिलं लाल होऊन मी वर आलो आणि कठड्याला टेकून जोडे घालू लागलो. तेवढ्यात दिसलं की पलीकडे तसाच दुसरा कठडा आहे आणि त्या पायऱ्या बायकांच्या आहेत. एक बाई दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेऊन आली. कष्टकरी बाई, जाड कापडाचा झगा, डोक्याला रुमाल. ती भर चौकात, भर दुपारी, कोणाकडेही न बघता खाली उतरली. तिच्याकडेही कोणी पाहिलं नाही, मी सोडून. थोड्या वेळाने ती वर आली, रुमाल सारखा केला, समोरच्या गाडीवरून चहाचा मोठा पेला घेतला आणि उभ्या उभ्या फुंकर घालत सगळा प्यायली. बाजारात, उभ्याने, पेलाभर चहा. मी बघतच राहिलो, आणि मेथीची जुडी सारखी करताना तू बोललेलं ते वाक्य माझ्या कानात आलं. त्या परक्या गावात, थंडीत, एक जोडा पायात आणि एक हातात धरून मी रडलो, माय. लोकांना वाटलं असेल की याचं कोणी मेलं असावं, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्या दिवशी मी एक गोष्ट मनाशी धरली. आपल्या बाजारात बायकांसाठी कमिटीने एक आडोसा केलेला होता. रस्त्याच्या ऐन कडेला पत्रे ठोकलेले, समोर पानाचं दुकान. पत्रा दुरून दिसला की ते काय आहे ते सगळ्यांना कळायचं, आणि त्यात शिरणारी बाई म्हणजे सगळ्या बाजाराला कळवून शिरणारी बाई. एकही बाई त्यात कधी गेली नाही, शेळ्या मात्र जायच्या. मला वाटलं, ज्या पायऱ्यांचा कोणालाही अभिमान वाटावा अशा पायऱ्या उतरताना बाईची मान खाली कशाला जाईल. परत आल्यावर मी अध्यक्षसाहेबांना हेच सांगितलं. अध्यक्ष म्हणजे इथल्या कापसाच्या जिनाचे मालक, मनाने वाईट नाहीत. ते म्हणाले, "ओव्हरसियर, पायखान्याले नक्षी? लोक आपल्याले हसतीन ना." मी म्हणालो की पत्र्याला हसून झालंय, आता याला हसू द्या. ते म्हणाले, "करा. पण उन्हाळा लागेपर्यंत बाया आत नाई गेल्या, तं म्या तिथं जकातीचा नाका बसवतो. मंग मले काई म्हनू नका." म्हणजे माझ्या हातात फक्त हिवाळा होता.

कडुनिंबाच्या मागे, रस्त्यापासून आत, मी जागा बांधली. भिंत अशी वळवली की दारातून आतलं काही दिसू नये. दाराला कमान, वर हवेसाठी विटांची जाळी. आतल्या भिंती चुन्याने घोटून घेतल्या. पाटी ठेवायला कमरेच्या उंचीचा ओटा केला, दाराला आतून जाड कडी, बाहेर हात धुवायला हौद. मैला कोणाला डोक्यावरून वाहावा लागू नये म्हणून खाली बंद टाकं. हे सगळं शिकलेलं होतं, ते जमलं. नक्षीला मात्र फरश्या आणायच्या कुठून. मग मी खालाकडे गेलो. खाला तेव्हा म्हातारी झाली होती, गाडी तिचा मुलगा चालवायचा, पण बाजारात ती अजून बसायची. वाटेत, गाडीत, बायकांच्या हातांवर ज्या बांगड्या वाढतात, म्हणजे फुटतात, त्या ती एका पोत्यात साठवायची. मी म्हणालो, "खाला, एका भिंतीसाठी तुमच्या काचा हव्यात." ती म्हणाली, "ने ना बेटा. तुह्या मायनं मले किती भाजी चारली. इचारतो काऊन?" कशाची भिंत ते तिने विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. बाहेरच्या भिंतीच्या ओल्या चुन्यात मिस्त्रीने एकेक तुकडा बसवला. हिरव्या काचांचा वेल, लाल काचांची फुलं, मधे पिवळी. सकाळचं ऊन पडलं की ती भिंत हलते आहे असं वाटायचं. मला तिचा इतका अभिमान वाटायचा की मी रोज काही तरी निमित्त काढून तिकडे चक्कर मारायचो.

पहिल्या बाजाराच्या दिवशी मी सकाळपासून या खिडकीत बसलो. बायका लांबूनच बघत होत्या. दुपारी एक म्हातारी पुढे आली आणि मी खुर्चीतून उठलो. तिने दारापाशी वहाणा काढल्या, उंबऱ्याला हात लावला, हात कपाळाला लावला आणि मागच्या मागे परतली. संध्याकाळी तिथे हळद-कुंकू होतं. पुढच्या बाजारात नारळ आला आणि जाळीला हिरवा खण बांधलेला दिसला. भिंतीला बांगड्या, म्हणजे देवी असणार, दुसरं काय. कमान आणि जाळी बघून काही मुसलमान बायकांनी तिथे उदबत्ती लावून साखर ठेवली, त्यांच्या मते आत कोणी पीरबाबा होते. शेजारच्या गावांतून बैलगाड्या येऊ लागल्या. एक गुरव पूजेचा मान मागायला माझ्या कचेरीत आला. अध्यक्षसाहेब हसून हसून बेजार झाले. "ओव्हरसियर, काय करून ठेवलं तुमी हे," ते म्हणाले, "आता हे पाडता बी येत नाई अन वापरता बी येत नाई." पण जाताना त्यांनी हसू आवरून आठवण करून दिली की होळी जवळ आली आहे आणि त्यांचा शब्द कायम आहे.

मी एकदा धीर करून कडुनिंबाखाली गेलो. म्हणालो, "बायांनो, ते देऊळ नाही." वांगीवाली म्हणाली, "मंग काय हाये?" सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. विलायतेहून शिकून आलेला माणूस मी, नळांचे उतार तोंडपाठ म्हणून दाखवीन. पण तू बसायचीस त्या जागेकडे तोंड करून तो शब्द कसा काढणार होतो. "सोय आहे," मी म्हणालो. "कशाची?" तिने विचारलं. मी वांगी घेतली आणि कचेरीत परत आलो. मला लिव्हरपूलच्या त्या पायऱ्यांखाली जोडे काढणारा मी आठवलो आणि त्या बायकांवर रागावायचं काही कारण उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी खाला काठी टेकत कचेरीत आली. खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली. "बेटा, माह्या चुड्या तू कशाले लावल्या? खरं सांग." मी जमिनीकडे बघत सांगितलं. तिने काठी जमिनीवर घट्ट रोवली. मग म्हणाली, "सवाष्नीच्या हातातली चीज हाये ते. पायखान्याले लावली तू?" तिच्या आवाजात एवढा दुखावलेपणा होता की मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण मी बसून राहिलो आणि म्हणालो, "खाला, मायसाठी केलं." ती खुर्चीवर बसली. पदराने तोंड पुसलं. मग हळूहळू बोलू लागली, माझ्याकडे न बघता. "तुही माय अन म्या, आमी दोघी सूर्य पाह्यत बसू. कवा बुडते म्हून. बोलत नोतो, नजरेनंच इचारू, तुहं कसं, माहं कसं. एक डाव तुह्या मायले नाईच झालं सहन. म्या गाडीच्या मांगं चादर आडवी धरली. त्याच्या मंग दोन बाजार ती माह्यासंग बोलली नाई, लाजंनं. म्या बी काई म्हनलं नाई. तिसऱ्या बाजारी तिनं माह्या पदरात मेथी टाकली, झालं." ती उठली. दारात थांबून तिने विचारलं, "आत कडी हाये का?" मी म्हणालो, "हाव." "पक्की?" "पक्की." ती गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारी, गर्दी ऐन भरात असताना, खाला आपल्या जागेवरून उठली. तिच्या हातात टमरेल होतं. आपल्याकडे बाई टमरेल नेते ती पदराखाली लपवून, अंधारात, वळचणीने. खालाने ते छातीसमोर धरलं होतं, दिवा धरावा तसं, आणि ती बाजाराच्या मधल्या वाटेने चालत निघाली. टमरेल पाहिल्यावर कोणाला काही सांगायची गरज उरली नाही. गुळाच्या दुकानापासून बोलणं थांबत गेलं. दारापाशी ती वाकली, नारळ आणि कुंकवाची पानं अलगद उचलून बाजूला मांडली. कोणी तरी गडी ओरडला, "ओ खाला, देवीची जागा हाये ते." खाला मागे वळली आणि म्हणाली, "देवी बी बाईच हाये. तिले समजते." आणि वहाणांसकट आत गेली. आतून कडी सरकल्याचा आवाज मला खिडकीपर्यंत आला, किंवा आला असं मी धरून चाललोय.

ती बाहेर आली, हौदावर हात धुतले आणि बायकांच्या रांगेसमोर उभी राहून म्हणाली, "आत थंडगार हाये. कडी हाये. पाटी ठेवाले ओटा हाये. कोनी दिसत नाई, कोनाले दिसत नाई. माह्या चुड्या हायेत त्या भिंतीले, म्या देल्या. आता काऊन बसल्या?" बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग वांगीवाली उठली. शेजारणीला म्हणाली, "माही पाटी पाह्य जरा," आणि पदर डोक्यावरून ओढून गेली. तिच्या मागे आणखी एक, मग दोघी मिळून. कोणी हसलं नाही. मग मला एकदम जाणवलं की मी खिडकीत बसून बघतोय, आणि हे बघायचं नसतं. मी खिडकी लावून घेतली आणि अंधाऱ्या खोलीत नळांच्या कागदांवर डोकं ठेवून बसलो. संध्याकाळी पाणपोईवाला तक्रार घेऊन आला. रांजण दुपारीच रिकामा झाला, बायका घटाघटा पिऊन राह्यल्या, आता दुसरा रांजण लागेल म्हणाला. मी त्याला तिथल्या तिथे दोन मंजूर केले.

आता ती जागा सगळ्यांच्या सवयीची झाली आहे. जकातीचा नाका दुसरीकडे बसला. अध्यक्षसाहेब पाहुण्यांना ती भिंत दाखवायला आणतात आणि कल्पना आपलीच होती असं सांगतात, आणि मी मान हलवतो. नवरात्रात अजून कोणी तरी भिंतीला हळद-कुंकू लावतं. काही म्हाताऱ्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतात आणि मग आत जातात. गुरव रागावलेला आहे तो आहेच. खाला गेल्या हिवाळ्यात गेली. आतली कडी सैल झाली असेल, चुना कुठे पोपडला असेल, पण मला ते बघता येत नाही. मी बांधलेल्या सगळ्या जागांमध्ये ही एकच अशी की जिच्यात मला पाय ठेवता येत नाही. मी तुझ्या सुनेला बाजाराला पाठवतो आणि परत आल्यावर इकडचं तिकडचं बोलत हळूच विचारतो की तिकडे सगळं ठीक आहे ना. ती म्हणते, "हाव, ठीक हाये," आणि भाजी निवडायला बसते.

हा कागद मी घडी करून टेबलाच्या खणात टाकणार आहे. तुला लिहिता वाचता येत नव्हतं, म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर तू असतीस तर यातला एकही शब्द मला तुझ्यासमोर काढता आला नसता. मी तुझ्याकडे न बघता एवढंच म्हणालो असतो, "माय, कडुनिंबाच्या मांगं एक नवी जागा झाली हाये, पाहून ये." तू गेली असतीस, परत आली असतीस, पदर सारखा करून मेथीच्या जुड्या मांडायला लागली असतीस, आणि आपण दोघांनीही पुन्हा कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नसता. मला तेवढंच हवं होतं.